शब्दचर्चा : 'स्टेटस प्लॅनिंग'ला मराठीत काय म्हणावे?

करवीरकर :
भाषानियोजन, म्हणजे भाषेचा वापर, रूप आणि प्रसार जाणीवपूर्वक ठरवणे, या विषयाची मराठी टिपणे तयार होत आहेत. वाचणारे बी.ए.चे विद्यार्थी, बरेचसे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल, गडहिंग्लज, शिरोळकडचे. तीन संज्ञांवर काम अडले आहे : स्टेटस प्लॅनिंग, कॉर्पस प्लॅनिंग आणि अ‍ॅक्विझिशन प्लॅनिंग. कच्च्या खर्ड्यात 'दर्जानियोजन', 'भाषासंग्रह नियोजन' आणि 'संपादन नियोजन' असे शब्द घातलेत. कुठे चुकते आहे ते स्पष्ट सांगा.

शाहूपुरीकर :
दुसरा आणि तिसरा शब्द आजच काढा. दोन्ही चुकीच्या अर्थाकडे नेतात.

'कॉर्पस' म्हटले की हल्ली संगणकातला मजकूरसाठा आठवतो आणि तिथूनच 'भाषासंग्रह' आला असणार. पण भाषाशास्त्रज्ञ हाइन्झ क्लॉस यांनी १९६९ मध्ये स्टेटस आणि कॉर्पस ही जोडी मांडली, तेव्हा त्यांना 'कॉर्पस'मधून भाषेचा देह म्हणायचा होता : लिपी, शुद्धलेखन, व्याकरण, शब्दसंपत्ती, परिभाषा. देवनागरी वर्णमालेचा २००९ चा शासननिर्णय, १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हे सगळे त्यात येते. याला 'घडणनियोजन' म्हणा. भाषेची घडण हा शब्द आपल्याकडे रुळलेला आहे, समजावून सांगावा लागत नाही.

'संपादन' तर फारच घातक. विद्यार्थी 'संपादन नियोजन' वाचून वर्तमानपत्राच्या संपादनाकडे वळेल. भाषानियोजनाचे अभ्यासक रॉबर्ट कूपर यांनी १९८९ मध्ये ही तिसरी बाजू जोडली, तिचा रोख भाषा वापरणाऱ्यांची संख्या वाढवण्यावर आहे. शाळेतले माध्यम, दुसरी-तिसरी भाषा, प्रौढांचे वर्ग. 'भाषाप्रसार नियोजन' किंवा सरळ 'भाषाशिक्षण नियोजन' चालेल. मी पहिला घेईन, कारण प्रसार शाळेबाहेरही होतो.

कागलकर :
'घडणनियोजन' छान. पण 'दर्जानियोजन'ला तुम्ही हात लावला नाही, आणि खरा घोळ तिथेच आहे.

मराठीत दर्जा म्हणजे मान, प्रत. 'दर्जेदार ऊस' म्हणतो तोच दर्जा. स्टेटस प्लॅनिंगमध्ये मुद्दा मानाचा नाही, कामाचा आहे : कोणती भाषा कचेरीत, कोर्टात, शाळेत, पाटीवर कोणते काम करणार? ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. त्याने तहसील कचेरीत द्यायच्या अर्जाची भाषा बदलली का? नाही, कारण ती त्या निर्णयाची बाबच नव्हती. उलट महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ ने अर्जाची, आदेशाची, टिपणीची भाषा ठरवली. विद्यार्थी दोन्हीला 'दर्जा' म्हणाला तर विषयच हातातून निसटतो. 'स्थाननियोजन' करा.

शाहूपुरीकर :
'स्थाननियोजन' ऐकून बसस्टँड कुठे बांधायचा याची चर्चा वाटेल. शिवाय 'राजभाषेचा दर्जा' हा प्रयोग लोकांच्या तोंडी आहे, तो पुसता येणार नाही. 'दर्जानियोजन' राहू दे, पण व्याख्येचे पहिले वाक्य असे घ्या : 'कोणती भाषा कोणत्या कामासाठी वापरायची हे ठरवणे.' आणि लगेच अभिजात व राजभाषा ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी.

कागलकर :
व्याख्या मान्य. शब्द मला अजून खटकतो. निदान 'व्यवहारस्थान' हा पर्याय कंसात द्या.

गडहिंग्लजकर :
उदाहरण आपल्याच मातीतले घ्या, म्हणजे घडवलेला शब्द कधी रुजतो आणि कधी नाही ते डोळ्यांना दिसेल. १९१८ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानातले कुलकर्णी वतन बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. शब्द बदलला तसा अधिकारही बदलला : वंशपरंपरा गेली, नेमणूक आली. म्हणून 'तलाठी' हा शब्द गावागावात पक्का बसला. २०२४ मध्ये राज्य सरकारने तलाठ्याचे पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' केले. काम तेच, दप्तर तेच, सातबारा आणि फेरफारही तेच. ही निव्वळ घडणीच्या बाजूची कृती. सहीच्या शिक्क्यावर नवे नाव येते, पण बांधावर 'तलाठ्याकडं जाऊन येतो' हेच ऐकू येते. तीन शब्दी पदनामाला हाक मारता येत नाही, हेही कारण आहेच.

घडवलेला शब्द टिकेल का, हे तपासायला मी चार गोष्टी बघतो. विभक्ती लावून तो बोलता येतो का ('अभियंत्याला', 'कुलगुरूंनी' सहज येते). त्याचा आधीच दुसरा अर्थ आहे का ('संपादन' इथे नापास). त्यापासून विशेषण, क्रियापद निघते का. आणि तो पाटीवर, शिक्क्यावर मावतो का. कोशकार पहिल्या दोनांत चुकतात तेव्हा शब्द कोशातच राहतो.

शिरोळकर :
भावांनो, या तिन्ही संज्ञांपेक्षा 'मातृभाषा' हा शब्द जास्त नुकसान करतो. त्यावर वेगळे पान हवे.

जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती. आई तान्हेपणीच वारली असेल तर बालपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. शाळेचा नियम वेगळा. १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की पालक जी सांगेल ती मातृभाषा. त्याच ठरावात प्राथमिक शिक्षणाचा आकडा आहे : त्या भाषेची शाळेत किमान ४० किंवा एका वर्गात १० मुले असतील तर त्या भाषेत शिकवणारा शिक्षक द्यावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ हीच सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगते.

आता आपल्या पट्ट्यात काय होते बघा. आईचे माहेर कन्नड, घरात दोन्ही भाषा, गावातली शाळा मराठी. आई मुलाशी कन्नड बोलत असेल तर जनगणनेच्या व्याख्येने मूल कन्नड मातृभाषेचे. प्रवेश अर्जात बाप 'मराठी' लिहितो, कारण त्याला वाटते की रकाना शाळेच्या माध्यमाबद्दल विचारतोय. अशी नऊ-दहा घरे झाली की दहाचा आकडा कागदावर भरतच नाही. कर्नाटकातल्या निपाणीकडे हेच उलट घडू शकते, मराठी घर आणि अर्जात कन्नड. म्हणून टिपणात तीन शब्द तोडून लिहा : मातृभाषा (घरची), माध्यम (ज्या भाषेतून सगळे विषय शिकवतात ती), प्रथम भाषा (अभ्यासक्रमातला क्रम). तिन्ही एकच असतील असे धरून चालू नका.

गडहिंग्लजकर :
'अल्पसंख्याक भाषा' याचेही तसेच. ती भाषेची जात नव्हे, हद्दीचा हिशोब आहे. कोल्हापूर महाराष्ट्रात म्हणून तिथे कन्नड अल्पसंख्याक, तासाभरावरची निपाणी कर्नाटकात म्हणून तिथे मराठी अल्पसंख्याक. भाषिक अल्पसंख्याकांबद्दलच्या १९५६ च्या केंद्राच्या निवेदनात टक्के दिले आहेत : राज्यात ३० टक्के किंवा अधिक लोक दुसरी भाषा बोलत असतील तर राज्याचा कारभार द्विभाषिक असावा, आणि एखाद्या जिल्ह्यात ७० टक्के किंवा अधिक लोक राज्यातल्या अल्पसंख्याक भाषेचे असतील तर त्या जिल्ह्याची राजभाषा तीच असावी. नगरपालिका किंवा तालुक्यात १५ ते २० टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेतही छापावेत. टक्केवारी कोणत्या हद्दीत मोजली यावर हक्क उभा राहतो किंवा पडतो. राज्याची सरासरी घेतली की तालुक्यातली माणसे दिसेनाशी होतात.

करवीरकर :
हे सगळे घेतो. 'वर्जित प्रयोजने' हा शब्द राजभाषा अधिनियमाखालच्या १९६६ च्या नियमांत आहे, त्याचा अर्थ 'जिथे मराठी वापरायला बंदी' असाच लावायचा ना?

कागलकर :
नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. वर्जित म्हणजे इथे 'सक्तीतून वगळलेली' कामे, उदाहरणार्थ केंद्र सरकारशी पत्रव्यवहार. तिथे मराठी वापरलीच पाहिजे असे बंधन नाही, एवढाच अर्थ. उपवासाला वर्ज्य म्हणतो तसा निषेध त्यात नाही. टिपणात 'वगळलेली प्रयोजने' लिहा आणि कायद्यातला शब्द अवतरणात ठेवा, कारण परीक्षेत आणि कोर्टात तोच लागतो.

करवीरकर :
आणि 'परिसरभाषा'? ती राजभाषेच्या जागी वापरू का?

शिरोळकर :
नको. परिसरभाषा म्हणजे मुलाच्या आजूबाजूला, दुकानात, शेतात ऐकू येते ती. शिरोळ तालुक्यातल्या काही गावांत ती कन्नड आहे, राजभाषा मात्र मराठीच.