मदत हवी आहे : शेअर केलेला प्रिंटर विंडोज ११ वरून जोडता येत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातील आमच्या अडत दुकानात केवळ यूएसबी असलेला लेझर प्रिंटर मुख्य संगणकाला (विंडोज १०) जोडून शेअर केला आहे. विंडोज १० असलेल्या दुसऱ्या संगणकावरून हिशेबपट्ट्या व्यवस्थित छापल्या जातात. मात्र नव्या विंडोज ११ प्रो संगणकावर तोच प्रिंटर जोडू पाहिल्यास '०एक्स०००००११बी' हा एरर येतो.

दोन्हीकडे नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट आहे, वर्कग्रुप एकच आहे, पिंग (एका संगणकाला दुसरा सापडतो का याची चाचणी) जाते आणि मुख्य संगणकावरील शेअर केलेले फोल्डर नव्या संगणकावर पासवर्ड देऊन उघडते, त्यामुळे केबल, राउटर किंवा फायरवॉल यांचा दोष वाटत नाही. प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) पुन्हा सुरू करून आणि ६४ बिट ड्रायव्हर आधीच टाकूनही फरक पडला नाही.

मुख्य संगणकाच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) 'आरपीसीऑथ्नलेव्हलप्रायव्हसीएनेबल्ड' हे मूल्य शून्य केल्यास काम होते, असे सर्वत्र सुचवले जाते. परंतु त्यामुळे २०२१ मध्ये अपडेटद्वारे सक्तीचे झालेले सुरक्षाकवच निघते आणि त्याच संगणकावर बँकेचे व जीएसटीचे व्यवहार चालत असल्याने तो मार्ग मला नको आहे. अपडेट काढून टाकणेही त्याच कारणाने नको. हंगाम सुरू असल्याने मुख्य संगणकावर विंडोज नव्याने टाकणे शक्य नाही, आणि चांगला चालणारा प्रिंटर बदलण्याची मालकांची तयारी नाही.

नव्या संगणकावर 'लोकल पोर्ट' (प्रिंटरसाठी हाताने नोंदवलेला जोडणीचा पत्ता) तयार करून त्यात मुख्य संगणकाचे व प्रिंटरचे शेअर नाव दिल्यास ही अडचण रजिस्ट्रीला हात न लावता सुटते का, आणि पुढील अपडेटनंतरही ती जोडणी टिकते का?