उत्क्रांती एका हयातीत दिसते का?

प्रश्न: उत्क्रांतीला लाखो वर्षे लागतात, असे आपण शाळेत शिकलो. मग ती डोळ्यांदेखत घडल्याचे शास्त्रज्ञ कोणत्या आधारावर सांगतात?

प्रतिसाद: पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून प्रशांत महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्नी मेजर या निर्जन बेटावर फिंच हे बिया खाणारे लहान पक्षी पकडून, त्यांच्या पायांत खुणेची कडी घालून, वर्षानुवर्षे चोची मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपत आल्या आणि उरली ती आपल्या सराट्याच्याच कुळातली टणक, काटेरी फळे; ती फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी अधिक संख्येने तगले, बाकीचे बहुतेक मेले. पुढच्या पिढीची चोच सरासरी सुमारे ४ टक्क्यांनी जाड भरली.

प्रश्नकर्ता: परंतु ही त्या वर्षापुरती निवड झाली, म्हणजे काही तगले, काही मेले. तिला उत्क्रांती म्हणावे का?

प्रतिसाद: होय, कारण चोचीची जाडी आनुवंशिक असल्याचे ग्रँट आणि सहकाऱ्यांनी आईबाप व पिलांची मापे ताडून दाखवले होते. १९८३ च्या अतिवृष्टीनंतर बारीक बियांचा सुकाळ झाला, तेव्हा निवडीचा कल लहान चोचींकडे वळला. मला हे उलटे वळणच अधिक मोलाचे वाटते, कारण परिस्थिती बदलली की निवडीची दिशाही बदलते हे त्यातून दिसते. ते पाहण्यासाठी ग्रँट दांपत्याला वर्षानुवर्षे या बेटावरचे काम चालू ठेवणे सोपे नव्हते.