सिलेक्ट, एन्हान्स, कंट्रोल: जेक्वेरी शिकवताना मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न (परळ)

डिप्लोमाच्या मुलांना संध्याकाळी वेबसाइट बनवायला शिकवतो. बहुतेक मुलं मराठी माध्यमातली, काही लालबाग-शिवडीची, काही थेट बदलापूरहून येणारी. वर्गात बोलताना काही अडत नाही, टिपणं लिहायला बसलो की अडतं. सध्या जेक्वेरी चालू आहे. जॉन रेसिग यांनी 2006 साली आणलेली ही जावास्क्रिप्टची लायब्ररी (तयार कोडचा संच) नव्या कामांत कमी दिसत असली तरी अर्ज भरून घेणाऱ्या कितीतरी जुन्या साइट्स अजून तिच्यावरच चालतात, आणि नव्या पोराच्या हातात पहिलं काम येतं ते अशाच साइटच्या दुरुस्तीचं. म्हणून शिकवणं भाग आहे, आणि नीट शिकवायचंय.

अडचण 'सिलेक्ट'ची. एकाच धड्यात तो चार अर्थांनी येतो. पानावरचे घटक कोडने शोधून हातात घेणं, हा पहिला. पर्यायांची यादी दाखवणाऱ्या टॅगचं नावच सिलेक्ट, हा दुसरा. अर्जदार त्या यादीतला एक पर्याय ठरवतो, तो तिसरा. आणि जेक्वेरीत सिलेक्ट नावाची एक मेथड, म्हणजे तयार आज्ञाही आहे, ती चौकटीत लिहिलेला मजकूर निळा करते, म्हणजे कॉपी करण्याआधी करतो तसा. परवा फळ्यावर लिहिलं, 'सिलेक्ट सिलेक्ट करून त्यातला सिलेक्टेड ऑप्शन घ्या.' अर्ध्या वर्गाने जे सिलेक्ट करायचं ते माऊसने केलं! त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

'निवडणे' एवढा एकच शब्द वापरला तर गोंधळ तसाच राहतो. शिवाय सिलेक्टरला, म्हणजे कोणते घटक शोधायचे ते सांगणाऱ्या मजकुराला, काही पुस्तकांत 'निवडक' म्हटलेलं पाहिलं. आपल्याकडे निवडक कथा म्हणजे निवडलेल्या कथा. निवडणाऱ्याला निवडक कसं म्हणायचं? 'एन्हान्स' (असलेल्या घटकाला नवी सोय लावणं) आणि 'फॉर्म कंट्रोल' (अर्जातल्या भरायच्या-निवडायच्या जागा) यांचंही तेच. 'नियंत्रण संवर्धन' हे वाचून कुणाला काय कळणार? सुचवा.

प्रतिसाद 1 (गिरगाव)

सर, कोडसाठी 'वेचणे' घ्या आणि माणसासाठी 'निवडणे' राखून ठेवा.

कारण सांगते. निवडण्यात नको ते बाजूला काढणं आहे. तांदूळ निवडतो, मेथी निवडतो. आणि निवडायला बसलं की शेवटी काहीतरी ठरतं. अर्जदार जिल्हा निवडतो तेव्हा तेच होतं. डॉलरचं, म्हणजे घटक शोधायला जेक्वेरीत लिहितात त्या $ चिन्हाचं, काम वेगळं आहे. $('.शोधयादी') लिहिलं की त्या क्लासचे (कोडमध्ये दिलेल्या गटनावाचे) पानावर असतील तेवढे सगळे घटक गोळा होतात; एक असेल, दहा असतील, एकही नसेल. अंगणातली प्राजक्ताची फुलं वेचावीत तसं. झाडाखाली फुलं नसली तर ओंजळ रिकामी येते, कुणी ओरडत नाही.

हे 'कुणी ओरडत नाही' मुलांना कळणं फार महत्त्वाचं. $('#तालुका') ऐवजी $('#तालूका') लिहिलं गेलं तर जेक्वेरी एरर देत नाही. रिकामा संच देते, आणि त्या रिकाम्या संचावर पुढचं सगळं निमूट चालून जातं. पोरगा तासभर डोकं धरून बसतो. वेचल्यावर आधी लेंग्थ, म्हणजे किती घटक हाती आले ते, बघायची सवय लावा. 0 आलं की समजायचं, नाव चुकलंय किंवा पान पूर्ण यायच्या आत वेचायला धावलोय.

सिलेक्टरला 'वेचसूत्र' म्हणता येईल. वेचक नको, वेचक लेखांमुळे तोही शब्द निवडकच्याच वाटेने गेलाय. मजकूर निळा करण्याला 'अधोरेखित' अजिबात म्हणू नका, तिथे रेघ नसते. 'मजकूर पकडणे' म्हणा, तसंच बोलतात.

प्रतिसाद 2 (मुलुंड)

मी सरकारी कचेरीत अर्ज छापून घेण्याचं काम केलेलं आहे, म्हणून कंट्रोलबद्दल लिहितो. छापील अर्जात या गोष्टींना नावं आहेत आणि लोकांना ती पाठ आहेत. लिहायची जागा तो रकाना. 'योग्य त्या चौकटीत खूण करा' असते ती चौकट. 'लागू नसेल ते खोडा' ही दोनांतून एक ठेवायची जुनी रीत, तिची जागा आता गोल रेडिओ बटणाने घेतली. तेव्हा चेकबॉक्सला 'खुणेची चौकट', टेक्स्टबॉक्सला 'रकाना'. ड्रॉपडाऊन मात्र ड्रॉपडाऊनच राहू द्या. कागदावर ती वस्तू नव्हतीच, आणि आता भाजीवाल्याच्या मुलालाही तो शब्द ठाऊक आहे. सगळ्यांना मिळून 'अर्जातले रकाने' म्हटलं तर काही बिघडत नाही.

एक पुरवणी. डिसेबल्ड आणि रीडओन्ली या दोन्हींना 'बंद रकाना' म्हणू नका. डिसेबल्ड रकान्यातला मजकूर अर्जाबरोबर जातच नाही, रीडओन्लीतला जातो. पहिला 'बंद', दुसरा 'फक्त वाचायचा'. मूल्य सर्व्हरवर पोचलं नाही की निम्म्या वेळा कारण हेच निघतं.

प्रतिसाद 3 (विलेपार्ले)

एन्हान्सला 'सुधारणे' म्हणू नका ही विनंती. सुधारणे म्हटलं की मूळ रकान्यात खोट होती असं वाटतं. 'सजवणे' म्हटलं तर नुसती रंगरंगोटी वाटते. मराठीत 'जोड देणे' आहे ना. पगाराला शिकवणीची जोड, तशी ड्रॉपडाऊनला शोधाची जोड. मूळ वस्तू आहे तिथे, आहे तशी राहते, हे त्यात आपोआप येतं.

आणि खरोखर तसंच घडतं. सिलेक्ट2 किंवा चोझन हे जेक्वेरीचं प्लगइन लावलं की मूळ ड्रॉपडाऊन नजरेआड होतो आणि त्याच्या जागी टाइप करून शोधता येईल अशी चौकट दिसते. अर्ज पाठवताना मूल्य जातं ते लपलेल्या मूळ ड्रॉपडाऊनमधलं. स्टीव्ह चॅम्पियन यांनी 2003 मध्ये 'प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट' हा विचार मांडला तो हाच: आधी साधं पान पुरतं चालायला हवं, मग ब्राउझरच्या कुवतीप्रमाणे वर जोड. गाडी बोगद्यात शिरली आणि स्क्रिप्ट अर्ध्यात अडकली, तरी साधा ड्रॉपडाऊन उघडला पाहिजे.

जोड देताना मुळातलं काही काढून घेतलं जात नाही ना, हेही शिकवा. मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसोबत साइट्स तपासते. देखणी चौकट लावली, आणि रकान्याचं नाव वाचून दाखवणारं लेबल मूळ ड्रॉपडाऊनलाच चिकटून राहिलं, असं वारंवार सापडतं. ऐकणाऱ्याला फक्त 'चौकट' ऐकू येतं, कशाची ते कळत नाही. टॅबने तिथे पोचता येतं का, बाणाने पर्याय बदलतात का, हे माऊस बाजूला ठेवून बघायला लावा.

मूळ प्रश्नकर्ता (परळ)

ताई, 'जोड देणे' लगेच घेतो. 'वेचणे' आज वर्गात वापरूनही पाहिलं. आता वाक्य असं (व्हॅल म्हणजे घटकाचं मूल्य वाचणारी किंवा बदलणारी मेथड): 'आधी तालुक्याचा ड्रॉपडाऊन वेचा, मग अर्जदाराने निवडलेला पर्याय व्हॅलने वाचा.' कुणीही माऊसकडे गेलं नाही.

सरावाला जिल्हा आणि तालुका दिला होता. मुंबई उपनगर निवडलं की अंधेरी, बोरीवली, कुर्ला हे 3 तालुके यायला हवेत. कोडने जिल्हा बदलला तरी तालुके हलेनात. व्हॅलने मूल्य बदललं की चेंज ही घटना आपसूक घडत नाही, ट्रिगर करून ती घडवावी लागते. इथे मी 'बदलणे' आणि 'बदल कळवणे' असे दोन शब्द वापरले आणि मुलांना चटकन कळलं.

एक अडलंय. सबंध महाराष्ट्राच्या यादीला शोधाची जोड दिली, तर 'कऱ्हाड' टाइप करून सापडत नाही. समोर दिसतंय तरी!

प्रतिसाद 4 (ठाणे)

ही भानगड आपल्या लिपीतलीच आहे. ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. यादी एका कीबोर्डवर बनली आणि शोधणारा दुसऱ्यावर टाइप करतोय. युनिकोडच्या नॉर्मलाइझनेही (अक्षरांची वेगळी रूपं एक करणारी क्रिया) हे दोन एक होत नाहीत. सिलेक्ट2ला स्वतःचा मॅचर, म्हणजे टाइप केलेलं पर्यायाशी जुळतं का ते ठरवणारं फंक्शन, देता येतो. त्यात तुलना करण्याआधी दोन्हीकडचा मजकूर एकाच रूपात आणा. तिथेच 'कराड' आणि 'कऱ्हाड', 'सायन' आणि 'शीव' यांची पर्यायी नावंही जोडून टाका. दादरला उतरणारा माणूस सायन म्हणतो, त्याच्या आजीच्या तोंडी शीव असतं, आणि अर्ज दोघांनाही भरायचा असतो.

प्रतिसाद 5 (गिरगाव)

मॅचरला 'जुळणी' म्हणा सर. वधूवर मंडळांमुळे तो शब्द मुलांच्या घरी आहेच.