वजन तेवढंच आहे, मग मशीन चरबी वाढली का म्हणतं?

बडोदेकरीण: वय ५६, उंची १५५ सेंमी. डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं; आता रोज लेट्रोझोल, म्हणजे इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी. उपचारांआधी वजन ५८ किलो होतं, आजही ५८च. तपासणीला गेलं की काटा बघून "छान" म्हणतात. पण परकर पोटाशी घट्ट होतो, मांड्या सैल पडल्यात, देवापुढून उठताना चौरंग धरावा लागतो. काल सुनेच्या जिममधल्या मशीनवर उभी राहिले. चरबी ३९ टक्के, स्नायू 'कमी' असा कागद आला. रात्री डोळ्याला डोळा नाही. हा कागद खरा मानू का? चरबीने आजार परततो का?

फिजिओ, अलकापुरी: ताई, तुम्हाला शरीरात जाणवतंय ते खरं आहे. केमो, पाळी जाणं, महिनोन्‌महिने कमी हालचाल, यांत स्नायू झडतात आणि तेवढीच चरबी चढते. काट्याला ते कळत नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४.१ येतो, भारतीयांसाठी २३च्या पुढे वजन जास्त धरतात, पण स्नायू किती हे त्यातूनही कळत नाही. २०१८मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या ३,२४१ स्त्रियांचे सीटी स्कॅन तपासले. साधारण एक तृतीयांश जणींचे स्नायू कमी निघाले, आणि त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ४१ टक्के जास्त दिसला. नुसत्या बीएमआयवरून तो ओळखू येत नव्हता.

लठ्ठपणा आणि आजार परतणं यांचा संबंध अभ्यासांत दिसतो. पण त्या ३९ आकड्यावरून तुमचं भविष्य कुणीही सांगू शकत नाही. ते मशीन बारीक वीजप्रवाह सोडून अंगातल्या पाण्याचा अंदाज घेतं आणि त्यावरून चरबीचा हिशेब मांडतं. पाणी कमी प्यालात, हाताला सूज असली, तरी आकडा हलतो. मोजायचंच तर त्याच मशीनवर, सकाळी उपाशीपोटी, काही महिन्यांच्या अंतराने.

घरी दोन गोष्टी करा. टेपने कंबर मोजा. बायकांसाठी मर्यादा ८० सेंमी. मग हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांत जोर कमी आहे. घरात कुणी जवळ असतानाच करा.

कारेलीबागची मावशी: मीही यातून गेलेय गं. मला सगळ्यांनी बजावलं होतं, ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने बादलीसुद्धा उचलू नकोस, सूज येईल. माझ्या फिजिओने सांगितलं की २००९च्या एका चाचणीत, देखरेखीखाली हळूहळू वजन उचलणाऱ्या बायकांची हाताची सूज वाढली नाही. तेव्हा कुठे धीर आला. अगदी हलक्या डंबेलने सुरुवात केली. कमाटीबागेत चालणं चांगलंच, पण मांड्या त्याने भरत नाहीत. आणि संध्याकाळी चहाबरोबर फरसाणाऐवजी मूग नाहीतर पनीर खा.

बडोदेकरीण: कंबर ८६, खुर्चीचे १५ सेकंद. संध्याकाळी डावी बांगडी घट्ट होते, हे डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं.

फिजिओ, अलकापुरी: आधी तो हात दाखवा. डंबेल त्यानंतर, आणि शिकवायला माणूस हवा. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, तसाही करावा लागेल. त्याच वेळी विचारा, पूर्ण शरीराचा स्कॅन होईल का. नुसत्या खुबा-मणक्याच्या स्कॅनमध्ये चरबी-स्नायूंचा पूर्ण हिशेब मिळत नाही. हे १५ सेकंदही फाइलमध्ये लिहून घ्यायला सांगा.