बिल छापण्यासाठी प्रिंटरला थेट आज्ञा द्याव्यात की ड्रायव्हरवर सोपवावे?

धागाकर्ता: ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषी प्रोग्रॅम, असताना आपल्या प्रोग्रॅममधून प्रिंटरला थेट आज्ञा पाठवणे म्हणजे अडाणीपणा, असे एका लेखात वाचले आणि राहवले नाही. मी औषधांच्या दुकानांसाठी बिलिंगचे प्रोग्रॅम लिहितो. डॉट मॅट्रिक्सला, म्हणजे सुयांनी ठिपके ठोकून छापणाऱ्या प्रिंटरला, १५ हा एक बाइट पाठवला की अक्षर आवळते, १८ पाठवला की पूर्ववत होते आणि बिल भराभर निघते. ड्रायव्हरमार्फत मात्र मजकुराचे चित्र होते आणि छपाईचे डोके रेंगाळत राहते. हा फरक लेखकाने गल्ल्यामागे उभे राहून पाहावा.

प्रतिसाद १: अनुभव मान्य, निष्कर्ष अमान्य. एलपीटी-१, म्हणजे प्रिंटरचा जुना पॅरलल पोर्ट, उघडून थेट लिहिणारा असाच एक प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडला होता. दुकानदाराने ऐन दिवाळीच्या तोंडावर नवा संगणक घेतला, त्याला तो पोर्टच नव्हता आणि बिलिंग ठप्प झाले. विंडोजच्या स्पूलरला, म्हणजे छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या व्यवस्थेला, 'रॉ' (जसेच्या तसे पुढे धाडायचे) प्रकारचे काम देऊन हेच बाइट पाठवता येतात. मग पोर्टचे नाव प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवण्याचा हट्ट कशासाठी?

प्रतिसाद २: आपण दोघेही इंग्रजी बिलाविषयीच बोलत आहात. साध्या थर्मल (उष्णतेने छापणाऱ्या) प्रिंटरच्या कोडपेजमध्ये, म्हणजे अंगभूत अक्षरांच्या तक्त्यात, देवनागरी नसते, त्यामुळे 'हळद' पाठवली की कागदावर निरर्थक चिन्हे उमटतात. डॉसच्या काळात सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डाने, म्हणजे संगणकात बसवायच्या भारतीय लिप्यांच्या कार्डाने, पडद्यावर मराठी आणली, आणि आज माझ्या आईला तिच्याच गावातल्या दुकानाचे बिल वाचता येत नाही, याची मला चीड येते.

धागाकर्ता: ही अडचण प्रिंटरची आहे, माझी नव्हे. ओळीचे चित्र करून तेही थेट पाठवता येते.

प्रतिसाद २: मराठीला अडचण म्हणू नका! जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट जुळवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. ते सोडून आपण ठिपके मोजत बसणार का?

प्रतिसाद १: ठिपके मोजावेच लागतील. ८० मिलिमीटर रुंद कागदावर आडवे सहसा ५७६ ठिपके, म्हणजे बाइटाला आठ या हिशेबाने ठिपक्यांच्या एका रांगेला ७२ बाइट. २४ ठिपके उंचीची मजकुराची एक ओळ १,७२८ बाइटांची होते, तर इंग्रजी ओळ अक्षराला एक याप्रमाणे ४८ बाइटांत भागते. ९६०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६० बाइट नेणाऱ्या, सीरियल जोडणीवर त्या एका मराठी ओळीला पावणेदोन सेकंदांहून अधिक वेळ लागेल. यूएसबीवर ही तक्रार उरत नाही.

धागाकर्ता: यूएसबी असेल तर मराठी मजकूर ड्रायव्हरकडे सोपवायला मी तयार आहे, मनाविरुद्ध का होईना; स्पूलरचेही मान्य. परंतु प्रिंटरला जोडलेला गल्ल्याचा खण उघडणारे २७, ११२, ०, २५, २५० हे पाच बाइट माझा प्रोग्रॅमच पाठवील.