नळाला पाणी नवव्या दिवशी येतं, मग कोरडा दिवस पाळायचा कसा?

जालन्याची_माई (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गल्लीत चाळीसेक घरं. गेल्या गणपतीत माझ्या धाकट्याला डेंग्यू झाला, प्लेटलेट बत्तीस हजारांवर आल्या होत्या. त्याच महिन्यात समोरच्या घरातले दोघं, मागच्या आळीतली एक बाळंतीण. फवारणीची गाडी आली, धूर सोडून गेली, तिसऱ्या दिवशी डास परत हजर.

यंदा आमच्या बचत गटाच्या बायकांनी ठरवलंय की औषधाच्या मागे न लागता काहीतरी करायचं. आरोग्य केंद्रातून पिशवीत डासांच्या अळ्या खाणारे डझनभर गप्पी मासे आणले आणि एकेका ड्रममध्ये दोन-दोन सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ मासे पोट वर करून तरंगत होते. सासूबाई म्हणाल्या, "पापं करायला लावतेस." त्यावर काय बोलणार!

"कोरडा दिवस पाळा, आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करा" असं सगळे सांगतात. पण नळाला पाणीच आठव्या-नवव्या दिवशी येतं हो. भरलेलं पिंप कोण ओतून देईल? कुणी प्रत्यक्ष गावात, गल्लीत करून पाहिलं असेल तर सांगा. गुगलवरचं नको.

तुळस_वृंदावन

माई, कुंडीत गवती चहा लावा, संध्याकाळी कडुनिंबाचा पाला आणि गोवरीचा धूर करा. आमच्याकडे आजीपासून हेच चालत आलंय.

निवृत्त_आरोग्यसेवक

माई, तेहतीस वर्षं हातात टॉर्च आणि पळी घेऊन लोकांचे रांजण तपासले. बायका मागून ओरडायच्या, "शिवू नका, पिण्याचं आहे." तेव्हा जे शिकलो तेच सांगतो.

आधी मासे का मेले ते. तुम्ही नळाचं ताजं पाणी भरलं असणार. त्यातल्या क्लोरीनमुळे मासा मरतो. पाणी उघड्यावर एक-दोन दिवस ठेवायचं, मग माशांची पिशवी तशीच बांधलेली अर्धा तास त्या पाण्यावर तरंगू द्यायची आणि नंतर सोडायची. पण खरं सांगू का, पिंपात मासे सोडूच नका. जे भांडं आठवड्याला रिकामं होतं ते माशाचं घर नव्हे. गप्पी ठेवायचा सिमेंटच्या हौदात, जनावरांच्या टाक्यात, न वापरत्या विहिरीत. एखाद्या देवळाच्या नाहीतर शाळेच्या हौदात थोडं शेवाळ टाकून वाढवा. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिलंच देतो, आणि लपायला जागा नसली तर स्वतःचीच पिलं गिळतो, म्हणून शेवाळ. दोन-तीन महिन्यांत गल्लीला पुरतील एवढे होतात. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची असेल तर मासे आधी बादलीत काढून घ्या. हे आम्हीच एकदा विसरलो होतो, अख्खी विहीर गेली.

आता मुख्य मुद्दा. डेंग्यूचा डास गटारीत होत नाही. तो तुमच्या आमच्या घरातल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. गटारीतला तो क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणणारा. लोक गटारीवर जळकं ऑइल ओततात आणि घरात झाकण नसलेलं पिंप ठेवतात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

अंड्यातून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तुमचं पाणी नवव्या दिवशी येतं, म्हणजे काटा बरोबर तिथेच आहे. म्हणून कोरडा दिवस रविवारी की शुक्रवारी हा वाद सोडा. *पाणी येण्याची आदली संध्याकाळ* हाच तुमचा कोरडा दिवस. तेव्हा पिंप तसंही तळाला गेलेलं असतं. उरलेलं पाणी कापडातून गाळून बादलीत घ्या आणि पिंप काथ्याने घासा. नुसतं रिकामं करून भागत नाही, कारण मादी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला अंडी चिकटवते. काळी, तिळापेक्षाही बारीक. कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. उन्हाळाभर माळ्यावर पडलेला ड्रम पावसाळ्यात भरलात आणि आठवड्यात डास झाले, ते याच अंड्यांतून.

पाणी लांबलं, बारा दिवसांवर गेलं, तर झाकण हवंच. प्लास्टिकची झाकणं उडतात, तडकतात. जुन्या धोतराचं दुहेरी कापड सायकलच्या ट्यूबच्या रबराने ताणून बांधा. पाण्याला टेकू देऊ नका.

आणि तुळसताई, राग मानू नका. गवती चहाच्या कुंडीखालच्या ताटलीत मला स्वतःला अळ्या सापडल्या आहेत. धुराने डास शेजारी जातो, एवढंच.

जालन्याची_माई

काका, आदल्या संध्याकाळचं कुणीच कसं सुचवलं नव्हतं! पण चाळीस घरं एका वेळी कशी करायची?

निवृत्त_आरोग्यसेवक

एकट्या घराने केलं तर उपयोग निम्माच, हा डास आजूबाजूच्या घरांत सहज जातो. आम्ही शाळेतली पोरं घेतली होती. प्रत्येकाला एक पांढरी वाटी, त्यात पाणी घेऊन अळ्या मोजायच्या. टॉर्च मारला की अळ्या खाली बुडी मारतात, पोरांना ते फार आवडतं. आईचं पिंप पोरानेच पकडलं की आई दुसऱ्या वेळी स्वतःच घासते. पिंपं झाली की कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे आणि पत्र्यावर वजनाला ठेवलेले टायर बघा. टायर सगळ्यात वाईट. भोकं पाडा किंवा माती भरा. संडासाच्या गॅस पाइपला जाळी बांधा, ते क्युलेक्ससाठी.

सांडपाण्याचं म्हणाल तर नांदेडकडे चक्कर मारून या. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारे खड्डे, घेऊन गटारी बंद केल्या आणि डास हटवले. जिल्हाभर तो प्रयोग गेला. मात्र तुमच्या काळ्या मातीत पाणी जिरत नाही, मुरूम लागेपर्यंत खणावं लागेल. आणि मोरीचं पाणी खड्ड्यात जाण्याआधी एका छोट्या कुंडीत थांबवा. केस, साबणाचा साका तिथे बसतो, तो काढत राहायचा. नाहीतर दोन वर्षांत खड्डाच डबकं होतो.

कुडाळचो_झील

काकांच्या माशांबद्दल थोडं. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तो ओढ्या-तळ्यात सोडू नका, तिथल्या आपल्या माशांना त्रास होतो. आमच्या कोकणात विहिरीत पूर्वापार स्थानिक मासे सोडतात. गोव्यात बांधकामं वाढली, स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात मलेरियाचा डास माजला, तेव्हा आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचा एक छोटा मासा आणि अळ्या मारणारा बॅक्टेरिया वापरून पाहिला होता. त्याचे निष्कर्ष १९९८ साली छापून आले. बांधकाम चालू असलेलं घर तुमच्या गल्लीत असेल तर तिथे आधी बघा.

निवृत्त_आरोग्यसेवक

झीलबाबा, शंभर टक्के. माझ्या यादीत बांधकाम राहून गेलं.

जालन्याची_माई (तीन आठवड्यांनी)

दोन पाळ्या झाल्या. पहिल्या संध्याकाळी चाळीसपैकी एकवीस घरांनीच केलं. पोरांनी वाट्या घेऊन फेरी काढली, अकरा घरांत अळ्या. त्यातलं एक घर माझंच! देवघरातल्या तांब्याच्या घंगाळात फुलं तरंगत ठेवते, त्यात. धाकटा इतका खूश झाला की सगळ्या गल्लीला सांगून आला. दुसऱ्या पाळीला तेहतीस घरं, अळ्या चार घरांत. बांधकामवाल्या घराचे मालक पुण्यात असतात, टाकीला कुलूप आहे, फोन उचलत नाहीत. उरलेले तीन गप्पी मारुतीच्या हौदात सोडले होते, कालपासून पिलं दिसताहेत. सासूबाई रोज पोळीचा चुरा घेऊन जातात. काका, पोळी घातली तर ते अळ्या खायच्या सोडतील का?

निवृत्त_आरोग्यसेवक

पोट भरलं की अळ्या कमी खातील. पोळी बंद करा, सासूबाईंना माझं नाव सांगा.