मदत हवी आहे: दोन सारखेच माउस, त्यातला फक्त एक डावखुरा करायचा आहे

डेबियन १२ (लिनक्स), एक्सएफसीई डेस्कटॉप, झॉर्ग (पडद्यावरचं चित्र आणि माउस-कीबोर्ड सांभाळणारा सर्व्हर). बाबा डावखुरे, मी उजवा. एकाच डेस्कटॉपला दोन यूएसबी माउस कायम जोडलेले असतात. मॉडेल एकच.

एक्सइनपुट या कमांडने बाबांच्या माउसची बटणं उलटवली की काम छान होतं, पण केबल काढून लावली की सेटिंग जातं. लॉगिनला चालणारी स्क्रिप्टही लिहिली, पण उपकरणाचा आयडी बदलतो आणि कधीकधी माझाच माउस उलटा होतो. मग झॉर्ग.कॉन्फ.डी या सेटिंगच्या फोल्डरमध्ये इनपुटक्लास (ठरावीक उपकरणांना सेटिंग लावणारा विभाग) लिहून लेफ्टहँडेड ऑन केलं. मॅचप्रॉडक्ट (नावाने ओळख) आणि मॅचयूएसबीआयडी (यूएसबी आयडीने ओळख) दोन्ही वापरून पाहिले, पण नाव आणि आयडी तंतोतंत सारखे असल्यामुळे दोन्ही माउस उलटतात. सिरीयल नंबर दोघांनाही नाही. ड्रायव्हर लिबइनपुटच आहे, लॉगमध्ये पाहिलं.

बाबांना त्यांच्याच माउसची सवय आहे, म्हणून वेगळं मॉडेल घ्यायचं नाही. वेलँडवरही (झॉर्गचा नवा पर्याय) सध्या जायचं नाही. त्यांची केबल नेहमी मागच्या त्याच पोर्टमध्ये राहील, एवढं मी सांभाळीन.

यूडेव्हच्या (जोडलेली उपकरणं ओळखणारी लिनक्सची सेवा) नियमात आयडी_पाथ (उपकरण कोणत्या पोर्टवर आहे ते) तपासून त्या पोर्टवरच्या माउसला टॅग लावायचा आणि इनपुटक्लासमध्ये मॅचटॅगने तो पकडायचा, हे जमेल का? जमत असेल तर नियमाची ओळ नेमकी कशी लिहायची, आणि फाइलच्या नावात कोणता क्रमांक द्यावा?